चार ओंडक्यांचं घर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला टॉलिव्हरनं नदीपलीकडच्या माळावर चार ओंडके चौकोनात मांडले, एकावर कुऱ्हाडीनं आपली खूण पाडली आणि हात झटकत म्हणाला, "झालं घर."

वायलीनं घराकडं पाहिलं. भिंत घोट्याएवढी आणि वर सगळं आभाळ.

"दार कुटं ठेवायचं, धनी?"

"तुला दार कशाला पायजे? टांग टाक आन् जा आत."

त्या वर्षी आमच्या मिसुरी नदीच्या अलीकडचा जो तो पलीकडं घरं बांधत सुटला होता, आणि ती सगळी अशीच होती. सरकारनं पलीकडचा कॅन्ससचा मुलूख वसाहतीला मोकळा केला होता. तिथं गुलाम ठेवायचे की नाहीत, ते तिथं राहणाऱ्यांनी मत देऊन ठरवायचं होतं. त्यामुळं गुलामी नको म्हणणारी उत्तरेकडची माणसं गाड्या भरभरून येत होती आणि आमच्याकडची माणसं ओंडके मांडत होती. चार ओंडके मांडले की एकशेसाठ एकरांवर हक्क लागायचा. मात्र तिथं माणूस राहिला पाहिजे, चूल पेटली पाहिजे. महिनाभर चूल थंड राहिली, तर दुसऱ्यानं येऊन आपले ओंडके मांडावेत, असा नियम वसाहतवाल्यांनी सभेत केला होता.

टॉलिव्हर स्वतः काही तिथं राहणार नव्हता. त्याचा पायाचा अंगठा थंडीत सुजायचा, आणि त्याची बायको बिनछपराच्या घरात पाऊल टाकणाऱ्यातली नव्हती. त्याच्याकडं पाच गुलाम होते, त्यांतला वायली सगळ्यांत धडधाकट, म्हणून त्यालाच तिथं ठेवलं. जाताना टॉलिव्हर घोड्यावर बसला आणि म्हणाला, "नीट ऐक. ही जमीन मिळाली तर आपण हितंच ऱ्हाऊ. न्हाय मिळाली तर मी टेक्सासला जाणार. माझा भाऊ बोलावतोय. सहाशे मैल हाय."

सहाशे मैल म्हणजे किती, ते वायलीनं मनात मोजून पाहिलं नाही. त्याला एवढंच कळलं की टेक्सासहून शनिवारी संध्याकाळी चालत येता येत नाही.

कारण वायलीची बायको लेटी टॉलिव्हरची नव्हती. ती नदीच्या अलीकडच्या काठावर ओव्हरटन नावाच्या विधवा बाईकडं स्वयंपाकाला होती. आठ वर्षं झाली होती लग्नाला. शनिवारी काम संपलं की टॉलिव्हर वाटेतल्या गस्तवाल्यांना दाखवायला परवानगीची चिठ्ठी लिहून द्यायचा, ती टोपीत खोचून वायली बायकोकडं जायचा आणि सोमवारी उजाडता परत यायचा. आमच्याकडं अशी लग्नं घरटी एक होती. नवरा एकाचा, बायको दुसऱ्याची आणि संसार रविवारचा. त्या संसाराला वायली जिवापलीकडं जपत होता, आणि आता तो संसार ह्या चार ओंडक्यांवर येऊन टेकला होता.

म्हणून त्यानं घर राखलं. ओंडक्यांच्या आत कमरेएवढा खड्डा खणला, वर फांद्या आणि गवताची ढेपळं रचली, एका कोपऱ्यात दगडांची चूल केली. धूर निघायला भोक ठेवलं आणि रोज सकाळी डोळे उघडले की आधी ओलं लाकूड घालून धूर करायचा. ओल्या लाकडाचा धूर लांबून दिसतो.

डिसेंबरात नदी गोठली. माणूस नुसता बसून खातोय हे टॉलिव्हरच्या पोटात दुखत होतंच. त्यानं बर्फावरून घसरगाडी करून तागाच्या मोळ्या पलीकडं पाठवल्या आणि ताग मोडायची घोडीही पाठवली. ही घोडी म्हणजे चार पायांवर आडवा बसवलेला लाकडी जबडा. डाव्या हातानं दवात कुजवलेल्या तागाची मूठ त्यात धरायची आणि उजव्या हातानं वरचा जबडा आपटत राहायचं. सणकाड्या मोडून खाली पडतात, हातात वाख उरतो. दिवसाला शंभर पौंड वाख काढायचा, कमी पडला तर पाठीवर फटक्यांनी हिशेब.

वायलीनं हिवाळाभर तो जबडा आपटला. उजव्या खांद्यात गाठ आली. तागाची धूळ नाकातोंडात जाऊन छातीत घरघर सुरू झाली, तळव्यांत कुसळं रुतून राहिली. सणकाड्यांचा ढीग आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आणि फेब्रुवारीत मांडीपर्यंत आला. त्याच काड्या तो चुलीत घालायचा, म्हणून निदान सरपण आयतं होतं.

शेजारच्या जमिनीवर हॅडली नावाचा माणूस ओहायोहून बायकोसह आला होता. त्याच्या घराला चार भिंती होत्या. गुलामी नको म्हणणाऱ्यांतला तो. एकदा गिरमिट मागायला आला आणि ताग मोडताना बघत उभा राहिला.

"एक विचारू का?" हॅडली म्हणाला. "ही जमीन तू कोणासाठी राखतो आहेस?"

"धन्यासाठी."

"त्याला ती मिळाली तर तो इथे मत देईल आणि इथे गुलामी येईल. हे तुला कळतंय ना?"

वायलीनं जबडा आपटायचं थांबवलं नाही. "ती आलीच की, साहेब. टॉलिव्हर धन्याच्या आधी मीच आलोय हितं ऱ्हायला."

हॅडली खाली बघायला लागला.

"तुमचं बरोबर हाय," वायलीनं त्याला सांभाळून घेतलं. "पर माझी बायको हितनं दोन कोसांवर हाय. टेक्सास सहाशे मैलांवर हाय. मला एवढाच हिशेब येतो."

हॅडलीनं गिरमिट नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत करताना बायकोनं दिलेली बटाट्याची पिशवीही आणली.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी ओव्हरटनबाईंकडच्या खोपटात लेटी वायलीच्या तळव्यांतली कुसळं सुईनं काढत बसली होती. तिला सातवा महिना होता. आधीची दोन अंगावर पितानाच गेली होती, म्हणून ती ह्या खेपेला पोटाविषयी कुणाशी बोलत नव्हती. पाय सुजून बुटांत मावत नव्हते, तिनं त्यांना पोत्याची फडकी गुंडाळली होती. चुलीपाशी फिबीमावशी मक्याच्या भाकरी उलटत होती. ही ओव्हरटनबाईंची सगळ्यांत जुनी बाई. नात्यानं कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांची मावशी होती.

"हात हाय का साळिंदर?" लेटी म्हणाली. "माझी सुई मोडंल."

"हळू. धन्याचा माल हाय."

"धन्याचा म्हणूनच जोरात टोचतेय."

फिबीमावशी हसली आणि तिला ठसका लागला. वायलीनं काकवीत भाकरी बुडवली. "जमीन मिळाली की टॉलिव्हर धनी तिकडं खरं घर बांधणार हाय. त्यांच्या बायकोला सैपाकीण लागंल. मी तुझं नाव काढीन. ओव्हरटनबाई भाड्यानं देतील तुला."

"म्हंजी सोमवारीबी तू मला दिसणार?"

"रोज."

"रोज नको," लेटी म्हणाली, "रोज कोण सोसणार तुला." पण तिनं त्याचा हात सुई बाजूला ठेवूनही सोडला नाही.

सोमवारी उजाडता वायली बर्फावरून पलीकडं पोचला, तर त्याच्या ओंडक्यांवर दुसरे चार ओंडके मांडलेले होते. नव्या ओंडक्यावर प्रुइट बसून तंबाखू चघळत होता. हाही नदीअलीकडचा, आमच्या मिसुरी राज्यातलाच, खालच्या गावातला. पाठीशी तीन भाऊ बंदुका घेऊन उभे होते.

"ही जमीन टॉलिव्हर धन्याची हाय," वायली म्हणाला.

"मी काल आलो तवा हितं कुणी नव्हतं."

"काल रविवार व्हता, साहेब. नव्हंबरपास्नं मी हितं ऱ्हातोय. चूल बघा, अजून ऊब आसंल."

प्रुइट थुंकला. "मी म्हणलं, कुणी नव्हतं."

वायलीनं टोपी काढली आणि उघड्या डोक्यानं दोन कोस परत धावत जाऊन धन्याला सांगितलं. धावताना छातीतली घरघर इतकी वाढली की टॉलिव्हरला त्याचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं.

शनिवारी वसाहतवाल्यांची सभा भरली, तीही त्याच जमिनीवर. मार्च लागला होता, वारा दक्षिणेचा होता आणि माळावर पायाखाली पचपच होत होतं. अध्यक्ष एका पिंपावर बसला. पुढच्या मतदानाची हवा होती, त्यामुळं आमच्याकडच्या बहुतेकांनी कोटाच्या काजात वाखाची बट खोचली होती, आपली माणसं ओळखू यावीत म्हणून. ताजा, पांढरा वाख वायलीच्या मोळीतलाच होता. दोघातिघांनी तर त्याच्यासमोरच उपटून घेतला.

टॉलिव्हर पुढं झाला. "माझा माणूस हितं चार महिने ऱ्हातोय. काड्यांचा ढीग बघा की. मांडीएवढा हाय."

"ढीग कुणी केला?" प्रुइट म्हणाला. "वाऱ्यानं केला का माणसानं, ढीग सांगत न्हाय. साक्षीदार आण."

"हा काय साक्षीदार. वायली, ये पुढं."

वायली पुढं आला. त्याच्या मनात सगळं तयार होतं. चूल कुठल्या दिवशी मांडली, नदी कधी गोठली, किती मोळ्या आल्या आणि किती पौंड वाख गेला, हे सगळं तो न अडखळता सांगणार होता. तोंड उघडलं तेवढ्यात अध्यक्षानं हात वर केला.

"काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत न्हाय. आपलाच ठराव हाय." त्यानं वही उलटली. "ऑक्टोबर. सूचना मांडणार, मिस्टर टॉलिव्हर."

लोक हसले. टॉलिव्हरच्या मानेवर लाली चढली. ठराव त्यानंच मांडला होता हे खरं होतं, आणि त्या दिवशी टाळ्याही त्यालाच पडल्या होत्या.

मागून हॅडली बोलला, "मी रोज सकाळी इथला धूर पाहिला आहे. मी सांगतो. हा माणूस इथे राहत होता."

टॉलिव्हरनं झटकन मान वळवली. त्याच्या तोंडावर आशा आली होती, आणि ती हॅडलीकडून आली म्हणून लाजही.

"गुलामीविरोधी माणसाचं म्हणणं ही सभा ऐकत न्हाय," अध्यक्ष म्हणाला. "तोबी ठराव त्याच दिवशीचा. आनुमोदन, मिस्टर टॉलिव्हर."

ह्या खेपेला फार कुणी हसलं नाही. अध्यक्षानं वही मिटली. जमिनीवर कुणी राहत असल्याचा पुरावा नाही, सबब जमीन प्रुइटची, असा निकाल झाला. वायली सणकाड्यांत गुडघाभर उभा होता आणि तो तिथं कधी नव्हताच, असं तीस माणसांनी हात वर करून ठरवलं. त्याला राग आला. टॉलिव्हरची जमीन गेली म्हणून नाही, तर त्याचे चार महिने, त्याचा खांदा आणि रोजचा तो धूर तोंडावर पुसून टाकला म्हणून. मग राग ओसरला आणि टेक्सास आठवलं.

टॉलिव्हर घोड्याजवळ उभा राहून बराच वेळ खोगिराचा पट्टा आवळत होता.

"मंगळवारी निघायचं," तो म्हणाला. खिशातून कागद काढून त्यानं चिठ्ठी लिहिली. "जा. बायकोला भेटून घे. सोमवारी सकाळी हजर पायजेस. हितली आवजारं घरी पोचव." तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटूनही तो मंगळवारी वायलीला नेणारच होता.

सभा पांगल्यावर वायली भांडी आणि गिरमिट पोत्यात भरत असताना हॅडली आला. तो वायलीकडं न बघता नदीकडं बघत बोलला.

"उद्या दुपारी माझी गाडी उत्तरेला जाते आहे. आयोवात. बियाणं आणायला. जाताना गाडी रिकामीच असते." आयोवात गुलाम ठेवत नसत, हे दोघांनाही ठाऊक होतं. हॅडलीनं पुढं एवढंच म्हटलं, "मी काही बोललो नाही."

"व्हय साहेब," वायली म्हणाला. "मी काय ऐकलं न्हाय."

मग पोतं खांद्यावर टाकून तो नदीकडं निघाला, कारण शनिवार होता, आणि आठ वर्षांत शनिवारी त्याचे पाय दुसरीकडं कुठं गेले नव्हते. बर्फावर पाण्याचा थर चढला होता. मधूनच खालून कडकड आवाज येत होता.

लेटीनं सगळं ऐकून घेतलं. निकाल, टेक्सास आणि शेवटी हॅडलीची गाडी. गाडीचं ऐकल्यावर ती हातातलं पीठ झटकून उभी राहिली.

"मग आलास कशाला?"

वायलीनं खांद्यावरचं पोतं आता कुठं खाली ठेवलं.

"गाडी तिकडं हाय. तू हितं काय करतोस?"

"शनवार हाय," तो म्हणाला.

"शनवार हाय," लेटीनं त्याच्यासारखंच म्हणून दाखवलं. मग तिला रडू आलं, आणि रडताना ती त्याच्या छातीवर पीठ लागलेल्या मुठींनी मारत राहिली. फिबीमावशी उठून बाहेर गेली आणि दारात पाठ करून उभी राहिली, कुणी आलं तर कळावं म्हणून.

"दोघं जाऊ," वायली म्हणाला.

लेटीनं पायाची फडकी सोडून दाखवली. पाय भोपळ्यासारखे झाले होते. "हे घेऊन? बर्फावर उड्या मारत? मी घसरले तर तिघं जाऊ खाली."

"मग मीबी न्हाय जात."

"मंगळवारी जातोसच की. टेक्सासला गेलास तर तू मला न्हाईस आन् तुला तूबी न्हाईस. गाडीनं गेलास तर निदान तुला तरी तू राहशील." तिनं नाक पुसलं. "माळावर काय राहिलंय का तुझं?"

"कुऱ्हाड. ओंडक्यापाशीच राहिली."

"धन्याची?"

"धन्याची."

"मग आणायला नको? आवजारं पोचव म्हणलाय ना? गस्तवाल्यांनी अडवलं तर तेच सांग."

रविवारी सकाळी ओव्हरटनबाई आणि गोरी माणसं प्रवचनाला गेली तेव्हा वायली निघाला. लेटीनं भाकरी बांधून दिल्या. नदीवर धुकं होतं आणि बर्फ काठाकाठानं सुटायला लागलं होतं. काठ आणि बर्फ ह्यांच्यात हातभर काळं पाणी वाहत होतं. वायलीनं लांब काठी आडवी धरली, पाय पडलाच तर अडकून राहावं म्हणून, आणि पाणी ओलांडून उडी टाकली. बर्फ दबलं, पण धरून राहिलं. तो वळला. ती म्हणाली, "मागं बघू नकोस, पायाखाली बघ," आणि तो तसाच पायाखाली बघत धुक्यात गेला.

लेटी काठावर थांबली. थोड्या वेळानं वरच्या अंगाला बंदूक उडावी तसा आवाज झाला, मग दुसरा. मग सगळी नदी हलली. घराएवढाले तुकडे एकमेकांवर चढत खाली निघाले. पलीकडचा काठ काही दिसेना. माणूस पलीकडं पोचायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं, पण तिनं किती वेळ गेला ते बघितलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती पुढं स्वतःला फार बोलायची.

सोमवारी टॉलिव्हर आला. ओव्हरटनबाईंनी लेटीला ओसरीवर बोलावलं.

"कुटं हाय तो?"

"काल सकाळी बर्फावरनं गेला, धनी. तुमची कुऱ्हाड राहिली व्हती तिकडं." लेटीचा आवाज फुटला. "मग बर्फ फुटलं."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.  संशय टॉलिव्हरच्या तोंडावर आला होता. पण लेटी ज्या रीतीनं रडत होती ते बघून तो मावळला. रडणं खरंच होतं. ते कशाचं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. टॉलिव्हरनं टोपी काढली, नदीकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि मंगळवारी उरलेल्या चौघांना घेऊन टेक्सासला निघून गेला.

हॅडलीला विचारायला कुणाला पाठवणार? नदीच्या त्या बाजूला आता दोन पक्ष रोज एकमेकांवर बंदुका रोखत होते आणि नावाड्याला इकडचा निरोप तिकडं सांगायची चोरी होती. निरोप आला नाही, आणि प्रेतही आलं नाही.

मे महिन्यात लेटीला मुलगा झाला. आमच्याकडं बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला बापाचंच नाव ठेवतात. त्यात विचारायचं काही नसतं. फिबीमावशीनं पाचव्या दिवशी पोराला मांडीवर घेतलं आणि शेजारपाजारची चार माणसं जमली. लेटी पोराचं दुपटं नीट करत राहिली. दुसरं नाव ठेवावं, तर लोक विचारतील की बाप बुडाला ना, मग का? हेच ठेवावं, तर तो बुडाला हे आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं होत होतं.

"वायली," ती शेवटी म्हणाली.

बायका डोळे पुसायला लागल्या. प्रवचन करणाऱ्या म्हाताऱ्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. ओव्हरटनबाईंनी आपल्या बायबलच्या मागच्या पानावर ते नाव लिहून घेतलं.

पोरगं अंगानं भरलं, हसायला लागलं, कुशीवर वळायला लागलं. उन्हाळा सरत आला तरी लेटी त्याला नावानं हाक मारत नव्हती. बाळ म्हणायची, सोन्या म्हणायची, चिडली तर साळिंदर म्हणायची. एकदा शेंगा सोलताना फिबीमावशीनं ते बोलून दाखवलं.

"इतकं बापाचं नाव ठेवलंस आन् तोंडात कधी येत न्हाय तुझ्या. हाक मारावी की पोराला."

लेटीनं इकडंतिकडं पाहिलं. ओसरी रिकामी होती. ती हळूच म्हणाली, "ते नाव ज्याचं हाय, त्याला लागंल, मावशी. ह्याला तवर बाळच म्हणू."

फिबीमावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं पोराला आपल्याकडं ओढून घेतलं आणि म्हणाली, "ये रं, बाळ."